सळीचे कुमार आजोबा

एका जंगलात, मुलांनो, एक गुहा होती. गुहेत मोठा पडदा होता आणि पडद्यावर व्हिडिओ गेम चालायचे. गुहा माकडाची. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. गोष्टीतला उंदीर बोलायला लागतो, तेव्हा त्याला मराठी कुणी शिकवलं असं विचारता का? नाही ना? मग वीजही आली असं समजा आणि गप ऐका.

या गुहेत रोज संध्याकाळी सळी यायची. सळी ही साळिंदराची पोर. वय अडीच वर्षं. साळिंदराच्या हिशेबात हे वय म्हणजे नुकतं उलट बोलायला लागण्याचं.

गुहेबाहेर मैदान होतं. तिथंही खेळ चालायचे. संगीत खुर्ची, आंधळी कोशिंबीर, पार्सल पुढे द्या, असले सगळे. वाढदिवसाला बोलावून जे तुमच्याकडून जबरदस्तीनं खेळून घेतात, ते. पण सळीला त्यात कुणी घेत नसे. संगीत खुर्चीत तिच्या शेजारी कोण बसणार? आंधळ्या कोशिंबिरीत तर तिला हात लावणारा "आई गं" म्हणायचा आणि सगळ्यांना कळायचं कोण सापडलं ते. तिच्यावर राज्य आलं की कुणी पळायचं नाही. सरळ घरी जायचे.

पडद्यावर मात्र काटे टोचत नाहीत. तिथं "टेकडी वाचवा" नावाचा खेळ होता. टेकडीला वणवा लागतो आणि तिघांनी मिळून तो विझवायचा. सळी, वाघाचा युवराज आणि भुरी नावाची अस्वलाची पोर असे तिघं रोज विझवायचे. सळी त्यांची कप्तान होती. "युवराज, डावीकडं बघ, मेल्या," असं ती भावी राजाला म्हणायची आणि तो बघायचा. अख्ख्या जंगलात सळीला ही एकच जागा होती, जिथं कुणी तिच्यापासून सरकून बसत नव्हतं.

मग व्हायचं तेच झालं. मोठ्यांचं लक्ष गेलं.

वाघमहाराजांनी दरबार भरवला. म्हणाले, "युवराज शिकारीला येत नाही. हाक मारली की 'पाच मिनिटं' म्हणतो. काल मी चितळ मारून, खाऊन, झोपून उठलो, तरी त्याची पाच मिनिटं झाली नव्हती. हे खेळ कुमारांना चांगले की वाईट, याचा एकदा निकाल लावा."

निकाल लावायचा म्हणजे समिती आली. समितीच्या अध्यक्ष टिटवीबाई झाल्या. टिटवीबाई झोपतात त्यासुद्धा पाय वर करून, आभाळ पडलं तर झेलायला. काळजी कशी करावी हे त्यांच्याकडून शिकावं. शिवाय त्यांनी जन्मात एकही खेळ खेळलेला नव्हता, त्यामुळं त्या नि:पक्षपाती होत्या. चिटणीस झाले बगळेराव. ते तासन् तास एका पायावर उभे राहू शकत, आणि सरकारी कामाला आणखी काय लागतं?

बगळेरावांकडं एक पुस्तिका होती. पर्यटकांच्या जीपमधून पडलेली. शहरात मुलांचे खेळ कसे तपासतात, ते तिच्यात लिहिलेलं होतं. पहिल्याच पानावर होतं, कुमार म्हणजे तेरा ते एकोणीस वर्षं वयाचा. खेळांची चाचणी फक्त कुमारांवर घ्यावी.

"घ्या लिहून," टिटवीबाई म्हणाल्या. बगळेरावांनी घेतलं. चाचणी होईपर्यंत गुहेला टाळं लागलं.

दुसऱ्या दिवशी सळी कचेरीत हजर.

"मला चाचणीत घ्या."

"वय?" बगळेरावांनी विचारलं.

"अडीच."

"मग तू अज्ञान बालक आहेस. तेरा पूर्ण झाली की ये."

"अहो काका, तेरा पूर्ण व्हायच्या आतच बरीचशी साळिंदरं मरतात."

बगळेरावांनी पुस्तिका चाळली. "तसं झाल्यास अर्ज वारसानं करावा."

आता मुलांनो, तुम्ही हुशार आहात असं तुमचे आईवडील सांगतात, तर जरा हिशेब करा. ससा जगतो चार-पाच वर्षं. भेकर जगलं तर दहा. मग जंगलात तेरा ते एकोणीस वर्षांचं कोण असणार?

अगदी बरोबर. ज्यांची लाकडं स्मशानात पोचलेली आहेत, ते.

बगळेरावांनी जंगलभर दवंडी पिटली आणि तीन कुमार सापडले. पहिल्या राजमाता, वय पंधरा. दुसरे भुरीचे आजोबा खंडोजी अस्वल, वय अठरा. तिसरे सळीचे आजोबा, वय चौदा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक सोळा वर्षांचं कासवही होतं आणि ते तर खरोखरच कुमार होतं. ते चाचणीला निघालं. अजून पोचायचं आहे.

तिघांच्या गळ्यात "कुमार" अशा पाट्या अडकवल्या. सळीचे आजोबा म्हणाले, "पाटीवर काय लिहिलंय?"

"कुमार," सळी म्हणाली.

"कुमार कोण?"

"तुम्ही."

"माझं नाव बदललं होय? मला कुणी सांगितलं नाही."

आधी मैदानातले खेळ झाले. संगीत खुर्चीसाठी दोन दगड मांडले होते, पण खंडोजींनी उभं राहायला नकार दिल्यामुळं तीन झाले. ढोल वाजला. तिघं बसले. ढोल थांबला. तिघं बसलेलेच. ढोल पुन्हा वाजला. कुणी उठेना.

"किती शिस्त आहे," टिटवीबाई गहिवरल्या. "धक्काबुक्की नाही, रडारड नाही. पैकीच्या पैकी गुण द्या."

आंधळ्या कोशिंबिरीत पट्टी बांधायची गरज पडली नाही. पार्सल पुढे द्या या खेळात पार्सल राजमातांकडं गेलं आणि त्यांनी ते खाल्लं. दोन्ही खेळ आरोग्यदायी ठरले.

मग गुहा उघडली. तिघांना पडद्यासमोरच्या तीन दगडांवर बसवलं, हातात कंट्रोलर दिले. पडद्यावर टेकडी पेटली.

"आजोबा, विझवा," सळी दारातून ओरडली.

"कुठली टेकडी?"

"समोरची. जळतेय ती."

"जळू दे," आजोबा म्हणाले. "दरवर्षी जळते."

महिनाभर हे चाललं. रोज टेकडी जळायची आणि रोज बगळेराव तिन्ही कुमारांची तपासणी करायचे. महिन्यानंतर भर दरबारात अहवाल वाचला गेला. तो मी तुम्हाला जसाच्या तसा सांगतो.

"व्हिडिओ गेम खेळणारे कुमार दिवसा पेंगतात. हाक मारली तर ऐकत नाहीत. एकच गोष्ट चारदा सांगावी लागते. चिडचिड करतात. त्यांची नजर अधू होते, पाठीला बाक येतो आणि एकूण तीन कुमारांपैकी तिघांचे दात पडलेले आढळले."

दरबारात हलकल्लोळ झाला. आयांनी आपापल्या पोरांची तोंडं उघडून दात मोजायला सुरुवात केली. सुसरबाईंना त्यातच संध्याकाळ झाली.

सळी पुढं आली. "खेळायच्या आधी दात होते का?"

"त्याची नोंद नाही," बगळेराव म्हणाले.

"मग खेळामुळं पडले कशावरून?"

"खेळानंतर नाहीत, एवढं समितीनं डोळ्यांनी पाहिलं आहे," टिटवीबाई म्हणाल्या. "पाहिलेलं खोटं कसं असेल, बाळ?"

झालं. गुहा पोरांना कायमची बंद. मैदानातले खेळ मात्र सक्तीचे, रोज संध्याकाळी दोन तास, आणि संगीत खुर्ची मंजूर झालेल्या पद्धतीनं, म्हणजे बसल्यावर उठायचं नाही. पहिल्या दिवशी सळी तिच्या दगडावर दोन तास बसली. आजूबाजूचे सहा दगड रिकामे होते. ढोल वाजत होता. सळी रडली. मीही तिथं असतो तर रडलो असतो, पण मला गोष्ट सांगायची होती.

आता अहवालात शेवटी एक कलम होतं, जे कुणी वाचलं नव्हतं. शेवटचं कलम कुणीच वाचत नाही. सळीनं वाचलं, कारण तिला दुसरं काही करायला नव्हतं. कलम असं होतं की, खेळानं नुकसान कुठवर जातं हे पाहण्यासाठी तिन्ही कुमारांनी रोज खेळत राहावं. आणि पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे प्रत्येक कुमारासोबत पालक असावा, पालकानं शेजारी बसावं आणि शक्य तर पाल्यासोबत खेळावं.

सळी पळतच कचेरीत गेली.

"माझ्या आजोबांचा पालक कोण?"

बगळेरावांनी कागद पाहिले. "त्यांचे आईवडील."

"ते वारले. मी जन्मायच्याही आधी."

"मग घरातलं दुसरं कुणी?"

"मीच आहे."

बगळेराव बराच वेळ एका पायावर उभे राहिले. मग त्यांनी पाय बदलला. पुस्तिकेत पालकाचं वय किती असावं, हे लिहिलेलंच नव्हतं. सळीनं सही केली. मागोमाग भुरीनं खंडोजींसाठी केली आणि युवराजानं आजीसाठी. तीन पालक झाले.

त्या दिवसापासून गुहा पुन्हा गाजायला लागली. म्हाताऱ्यांनी दगडांवर बसायचं, पोरांनी मागं उभं राहून त्यांच्या खांद्यांवरून कंट्रोलर चालवायचा. खंडोजी घोरायचे. राजमाता अधूनमधून डरकाळी फोडायच्या आणि कशासाठी फोडली ते विसरायच्या. सळीचे आजोबा मात्र जागे असायचे. त्यांना पडदा दिसत नव्हता, पण ऐकायला सगळं यायचं.

"सळे, आता काय झालं?"

"डावीकडून जाळ येतोय, आजोबा."

"मग पाणी तिकडं ने की."

"नेतेय."

"शाब्बास." थोड्या वेळानं म्हणायचे, "इथं बरं वाटतं बघ. बिळात दिवस जात नाही."

तपासणी चालूच होती. टेकडी रोज वाचत होती. बगळेरावांनी नोंद केली की कुमारांची प्रगती आहे, आणि गेल्या दोन महिन्यांत एकही नवा दात पडलेला नाही. पडायला उरला नव्हता, हे नोंदीत बसत नव्हतं.

इथंच गोष्ट संपवली असती तर गोड झाली असती. पण तुम्हाला गोड गोष्टी सांगून सांगून तुमचे दात किडले आहेत. तेव्हा पुढं ऐका.

खेळाची शेवटची पातळी आली. आजवर कुणी पार न केलेली. चारी बाजूंनी वणवा. सळी डोळे फाडून पडद्याकडं बघत होती.

"सळे, कुठवर आला?"

"थांबा, आजोबा."

"विझला का?"

"थांबा म्हटलं ना."

"नाही, घरटी आहेत का वर, म्हणून विचारलं."

सळीनं क्षणभर मान वळवली. टेकडी जळून गेली.

युवराजानं कंट्रोलर आपटला. "तुझ्या म्हाताऱ्यामुळं हरलो. आमची आजी निदान झोपते तरी." भुरी सळीपासून सरकून उभी राहिली. ते सळीनं पाहिलं.

त्याच आठवड्यात पालकसभा होती. पुस्तिकेत होतं की अंतिम निर्णय कुमारांच्या पालकांनी घ्यावा. कुमार तीन, पालक तीन. वाघमहाराज स्वतः मागच्या रांगेत बसले होते, कारण ते कुणाचेच नोंदणीकृत पालक नव्हते.

टिटवीबाईंनी विचारलं, "पालकांनो, तुमच्या पाल्यांनी हा खेळ पुढं खेळावा का?"

युवराज उठला. "नको. माझी पाल्य दिवसभर पेंगते. तिला मोकळ्या हवेची गरज आहे."

भुरी उठली. "माझा पाल्य घोरतो आणि उठवलं तर अंगावर येतो. खेळानं संस्कार बिघडलेत."

मग सळी. आजोबा मागं बसून होते. कान टवकारून ऐकत होते, कारण त्यांच्या सळीला भर सभेत बोलायला मिळत होतं आणि त्यांना त्याचा अभिमान वाटत होता.

सळी म्हणाली, "माझा पाल्य सारखे प्रश्न विचारतो. त्याचं कशात लक्ष नसतं. त्यानंही बाहेरच खेळावं." मग ती म्हणाली, "पालकांनी मात्र रोज गुहेत यावं. खेळावर नजर कुणीतरी ठेवायलाच हवी."

टिटवीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी जबाबदार पिढी मी पाहिली नाही," त्या म्हणाल्या. ठराव एकमतानं मंजूर झाला. मला मात्र वाईट वाटलं, ते मी लपवणार नाही.

आता गुहेतले तिन्ही दगड पालकांना मिळाले आहेत. शेवटची पातळी त्यांनी पार केली. बाहेर मैदानात उन्हात संगीत खुर्ची चालते. खंडोजी आणि राजमाता एकमेकांना टेकून झोपतात. सळीच्या आजोबांचा दगड लांब सरकवलेला आहे, काटे लागतात म्हणून. ते गुहेच्या आवाजाकडं तोंड करून बसतात.

"सळे," ते कधीतरी हाक मारतात, "विझला का गं?"

"आजोबा, नीट खेळा बघू तिकडं," आतून सळी म्हणते.

आजोबा बरं म्हणतात आणि ढोल ऐकत बसतात.

तात्पर्य: खेळांनी कुणी बिघडत नाही. बिघडायला निदान एका सभेत मत द्यावं लागतं. तेव्हा मुलांनो, हवे ते खेळ खुशाल खेळा, आणि कुणी सही मागायला आलं तर आधी पळत सुटा.