नाद दुरुस्त

इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना चांगला आवाज हवा होता. या प्रकरणात गुन्हा म्हणता येईल असं काही असेल तर ते एवढंच. पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं.

डॉक्टर दिवसभर लोकांच्या तोंडात ड्रिल घालत. त्या आवाजाबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नव्हती. तोंड वासून तक्रार करता येत नाही, हे कारण असावं. कॉलेजच्या दिवसांत ते संध्याकाळी गिटार काढत आणि अ‍ॅम्पला, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडत. पेटी छोटीशी, जुन्या पद्धतीची, व्हॉल्व्हची. मागून वाकून पाहिलं तर काचेच्या नळ्यांत निखारे फुललेले दिसत. अशी पेटी हळू चालवली तर कामाला आलेल्या जावयासारखी नुसती बसून राहते. बटण पार शेवटाकडे नेलं आणि व्हॉल्व्हना घाम फुटला, की आवाज कडेला किंचित फाटतो, जाड होतो, आणि मग एखादा सूर धरला की तो सुटत नाही. तारेवर बोट हलकं हलवत राहायचं, तो गात राहतो. गिटारवाले याला टोन म्हणतात आणि त्यापायी संसार मोडतात. पेटी छोटी घ्यायची तीही एवढ्याचसाठी. मोठ्या पेटीला घाम फोडायचा तर गल्ली रिकामी करावी लागेल.

डॉक्टरांचा संसार मात्र याच सुरावर उभा राहिला होता. कॉलेजच्या हॉलमध्ये त्यांनी तो सूर धरला आणि पहिल्या रांगेतली एक मुलगी फसली. पुढे लग्न झालं, दवाखाना झाला, पेटी माळ्यावर गेली. आता जवळच्या हॉलमध्ये हौशी लोकांचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ठरला, तेव्हा बायकोने त्यांना न विचारताच नाव देऊन टाकलं.

“तो सूर परत ऐकव,” ती म्हणाली. “मी नक्की कशाला फसले होते, तेच विसरत चाललेय.”

माणसाच्या डोक्यावर याहून मोठी टांगती तलवार असू शकत नाही. डॉक्टरांनी पेटी खाली काढली, धूळ पुसली, बटण शेवटाकडे नेलं आणि सूर धरला. लगेच पायांखालून ठकठक झाली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकत होतं.

“ठोकायचं तर निदान तालात तरी,” डॉक्टर पुटपुटले. तेवढ्यात बेल वाजली. दारात चेअरमन.

“डॉक्टर, आवाज कमी करा. तक्रार आलीय.”

“कुणाची?”

“नाव सांगता येत नाही. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं, असा ठराव आहे आपला.”

“अहो, कमी केला की चांगला येत नाही.”

“चांगला कुणी मागितलाय? कमी मागितलाय.”

याच वेळी वरच्या मजल्यावर फरशी कापायचं मशीन सुरू झालं. भिंतीवरची फ्रेम थरथरू लागली. चेअरमन ओठ हलवत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं.

“आणि हे काय आहे?” डॉक्टर ओरडले.

“त्याला परवानगी आहे!” चेअरमन त्याहून जोरात ओरडले.

परवानगी असलेला आवाज हा आवाज नसतो, ही गोष्ट डॉक्टरांना इतकं शिकूनही माहीत नव्हती. हॉलवाल्यांनीही तेच सांगितलं, की स्टेजवर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला ध्वनी-तपासणी कार्यालयाचा बिल्ला हवा. डॉक्टर पेटी उचलून कार्यालयात गेले.

कार्यालय चार रस्त्यांच्या नाक्यावर होतं. खिडकीखाली हॉर्न, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, पलीकडच्या खोलीत जनरेटर. तपासणी अधिकारी साहेब दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून बसले होते.

“इथे फार आवाज असतो हो,” शिपायाने समजावलं.

साहेबांनी तपासणीपुरता एका कानातला बोळा काढला आणि म्हणाले, “वाजवा.”

डॉक्टरांनी जीव ओतून सूर धरला. टेबलावरची बशी कपाला साथ देऊ लागली. कोपऱ्यात पेंगणारा एक कर्मचारी चक्क जागा झाला.

“फाटतोय,” साहेब म्हणाले.

“हो ना!” डॉक्टर खुलले. “मस्त फाटतोय की नाही?”

कीड राहू द्या, छान लागते, असं म्हणणाऱ्या पेशंटकडे डॉक्टरांनी जसं पाहिलं असतं, तसं साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

“हे बघा, आमच्याकडे यंत्रं दोनच प्रकारची. दुरुस्त आणि नादुरुस्त. आवाज फाटला की नादुरुस्त.”

“साहेब, तो फाटायलाच हवा. पेटी असते कशासाठी? हा नादुरुस्त नाही, हा नाद दुरुस्त आहे!”

साहेब कारकुनाकडे वळले. “घ्या लिहून. नादुरुस्त. मालकालाही मान्य.”

“मी नाद म्हणालो! आणि मग दुरुस्त. मध्ये जागा सोडून.”

“जागा सोडता येणार नाही,” कारकून मान वर न करता म्हणाला. “रकाना छोटा आहे.”

नादुरुस्त यंत्र त्याच अवस्थेत मालकाला परत देणं म्हणजे लोकांच्या कानांशी खेळ. म्हणून पेटी थेट दुरुस्ती विभागात गेली. तिथल्या लोकांनी पेटीत उघडे निखारे पाहून आधी बादलीभर वाळू आणली, मग व्हॉल्व्ह उपटले, आणि त्यांच्या जागी बसस्थानकावरच्या घोषणांच्या यंत्रातला एक भाग बसवला. पेटी परत मिळाली तेव्हा तिच्यावर हिरवा बिल्ला होता. दुरुस्त. उपटलेले व्हॉल्व्ह कापसात नीट गुंडाळून दिले होते. कार्यालयात कापूस भरपूर होता.

घरी डॉक्टरांनी वाजवून दाखवलं. बायकोने मन लावून ऐकलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “फक्त पुढे ‘आपण रांगेत आहात’ असं येईल, असं वाटत राहतं.”

सूर धरायला जावं तर तो दारातूनच नमस्कार करून निघून जात होता. डॉक्टर डोकं धरून बसले, आणि अशा वेळी जो हमखास येतो तो मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ कुठलंही वाद्य वाजवत नसे. त्यामुळे त्याला टोनमधलं सगळं कळत असे.

“भाऊजी, टोन बोटांत असतो,” असं म्हणत त्याने पिशवी उलटी केली. आतून लोखंडी डब्या घरंगळल्या. गिटार आणि पेटी यांच्या मध्ये जोडायच्या, पायाने दाबायच्या त्या डब्या, म्हणजे पेडल.

“बोटांत असतो, तर या कशाला?”

“बोटांना आधार नको?”

पहिली डबी आवाज फाडायची. दुसरी फाटलेल्याला ऊब द्यायची. दोघींमुळे जी घरघर यायची ती तिसरी मारायची, आणि तिसरीने घरघरीबरोबर जो जीवही मारला तो चौथी परत आणायची. हा क्रम सोफ्याखालून, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून, स्वयंपाकघरात शिरला.

“ताई, दूध उतू आलं की गॅस बंद करताना तेवढी निळी डबी दाबत जा.”

“मी तुलाच दाबते थांब,” ताई म्हणाली. तरी तिने दाबली. डॉक्टरांनी वाजवलं.

“खरं सांगू?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “आपल्या पेटीसारखंच वाटतंय. फक्त पेटीला सर्दी झालीय.”

“सर्दीवर डबी आहे,” मेहुणा लगेच म्हणाला.

आता या डब्यांनाही बिल्ला हवा. मंडळी पुन्हा कार्यालयात.

“हे काय करतं?” साहेबांनी पहिली डबी दोन बोटांत धरून विचारलं.

“आवाज फाडतं,” डॉक्टर म्हणाले.

“दुरुस्त आवाज?”

“हो.”

“म्हणजे आम्ही इथे हाताने दुरुस्त करायचं आणि तुम्ही घरी नेऊन पायाने बिघडवायचं?” साहेबांचा दुसऱ्या कानातला बोळाही गळून पडला.

पण तपासणीत पेच निघाला. डबी दाबली की आवाज फाटे, म्हणजे नादुरुस्त. न दाबता आवाज जसाच्या तसा जाई, म्हणजे दुरुस्त. एकच वस्तू एकाच टेबलावर दोन्ही असणं कार्यालयाला परवडणारं नव्हतं. वरपर्यंत विचारणा झाली आणि खाली निर्णय आला. डबी बंद असताना दुरुस्त समजावी. मग बंद राहण्याची हमी म्हणून शिपायाने प्रत्येक बटणावर लाख ओतली.

लाखेचा तो ठिपका वाळताना पाहून डॉक्टरांनी सहज विचारलं, “साहेब, मी पेटीत व्हॉल्व्ह परत बसवले आणि पेटी बंदच ठेवली तर?”

“बंद पेटी फाटते का?”

“नाही.”

“मग दुरुस्तच की!” साहेबांनी उठून हात मिळवला. नियमाचा गाभा कळलेला माणूस त्यांना बऱ्याच दिवसांनी भेटला होता.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी स्टेजवर ती पेटी होती. पोटात व्हॉल्व्ह, बटणावर लाख, छातीवर हिरवा बिल्ला. ती मेल्यासारखी दिसू नये म्हणून मेहुण्याने आत बारीक लाल दिवे लावले.

“भाऊजी, लोक डोळ्यांनी ऐकतात,” तो म्हणाला. आयुष्यात तो खरं बोलला ते एवढंच.

पण गिटारची वायर कुठेतरी जोडायला तर हवीच. ती हॉलच्या स्वतःच्या लाउडस्पीकरला जोडली. या स्पीकरचा आतला कागद कधीकाळी फाटला होता. हॉल ध्वनी-तपासणी कार्यालयाच्याच मालकीचा, त्यामुळे तपासणीचा प्रश्न नव्हता. कार्यालयाची वस्तू ही मुळातच दुरुस्त असते. प्रमुख पाहुणे अर्थात साहेब. ते ‘स्वच्छ ध्वनी, आपली जबाबदारी’ यावर बोलले. त्यांचं “मित्रहो” पत्रा ओढत न्यावा तसं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषणाचा आवाज फाटलेला आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण भाषणाचा आवाज तसाच असतो.

डॉक्टर उठले. त्यांना फार आशा नव्हती. बायको पहिल्या रांगेत बसली होती, कॉलेजात बसायची तशीच, पर्स मांडीवर घेऊन. त्यांनी तार ओढली आणि सूर धरला.

तो फाटला. कडेला किंचित फाटला, जाड झाला, आणि थांबला. जाईना. डॉक्टर बोट हलवत राहिले, तो गात राहिला. हॉलच्या छताचे पत्रे, खुर्च्या, साहेबांच्या गळ्यातला हार, सगळं बारीक थरथरलं. डॉक्टरांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. बायको तोंडावर हात ठेवून हसत होती. मग तिने हात काढला आणि आवाज न करता ओठ हलवले.

“फसले परत.”

कार्यक्रम संपल्यावर लोकांनी पेटीभोवती गर्दी केली. “व्हॉल्व्हची ऊबच वेगळी!” एकाने पेटीला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं झटकलं. साहेब म्हणाले, “पाहिलंत? दुरुस्त केल्यावर किती स्वच्छ येतो.”

“अहो, पेटी बंद होती,” डॉक्टर म्हणाले. “आवाज तुमच्या त्या फाटक्या स्पीकरचा—”

“खरा कलावंत असाच नम्र असतो,” लोक म्हणाले.

तिथेच एकाने सुचवलं, की इतक्या सुंदर पेटीशेजारी तो फाटका स्पीकर शोभत नाही. सगळ्यांनी हात वर केले. साहेबांनी लगेच मंजुरी दिली. स्पीकर भंगारात गेला आणि त्याच्या जागी दोन्ही बाजूंना लाल दिव्यांच्या बंद पेट्या आल्या. दिव्यांचं काम मेहुण्याला मिळालं. आता त्या हॉलमध्ये दुसऱ्या रांगेपलीकडे काही ऐकू येत नाही, पण ऊब सगळ्यांना जाणवते.

भंगारातला स्पीकर डॉक्टरांनी घरी आणला. संध्याकाळी ते सूर धरतात. बायको भाजी निवडता निवडता थांबते, आणि तेवढ्यात पायांखालून ठकठक होते. मग बेल, मग चेअरमन. तक्रार आलीय. कुणाची? नाव गुप्त.

असू दे गुप्त. पण कार्यक्रमाच्या त्या संध्याकाळी तिसऱ्या रांगेत डोळे मिटून, मान डोलावत, बंद पेटीची ऊब अंगावर घेणारे तुम्हीच होतात ना? हात वर करण्यातही तुम्हीच पुढे होतात. तोच स्पीकर आहे, तोच सूर आहे, तुमच्याच वरच्या मजल्यावर फुकट चाललाय.

तेव्हा ती काठी जरा खाली ठेवा. आणि ठोकायचीच असेल, तर निदान तालात ठोका.