भोयरभाऊंची ट्रायल

भिलाईच्या सेक्टर सहामध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले भोयरभाऊ रोज सकाळी सायकलच्या कॅरिअरवर गव्हाचं पोतं बांधून निघायचे आणि अर्ध्या तासानं तेच पोतं घेऊन परत यायचे. गिरणीवर जायचे नाहीत, कोणाला गहू द्यायचे नाहीत. वर, निघण्याआधी मागं मान वळवून पोत्याला सांगायचे, "घट्ट धरजो."

बावीस वर्षांच्या शेजारात या माणसाच्या बऱ्याच तऱ्हा मी पाहिल्या, पण पोत्याशी बोलणं नवीन होतं.

भोयरभाऊ कारखान्यात क्रेन चालवायचे. रिटायर झाले तरी क्रेनमधून उतरले नाहीत. कशाचाही विषय काढा, पहिला प्रश्न ठरलेला, "लोड किती?" लग्नाची पत्रिका दिली तर लोड किती, म्हणजे पाहुणे किती. माझी पोरगी दप्तर घेऊन निघाली तरी लोड किती. स्वतःचा लोड मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितला नाही. तो एकशे एकतीस किलो होता, हे पोट लहान करायच्या ऑपरेशनच्या दिवशी कळलं.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. घरी आले ते औषधाच्या झाकणानं पाणी पीत. नंतर एक उकडलेलं अंडं मिळायला लागलं. पंगतीत ज्या माणसाकडं वाढपी दोनदा बादली घेऊन यायचा, तो आता एका अंड्यासमोर अर्धा तास बसायचा. मी विचारलं, "झालं का?" तर म्हणायचे, "थांब ना बावा, चावून राहिलो."

वजन उतरत गेलं आणि सोबत ताकदही गेली. गेटपर्यंत आले की माझ्या ओट्यावर टेकायचे. "मशीन हलकी झाली गड्या, पण मोटारीत करंटच नाही." डॉक्टर म्हणाले, असं होतंच, आधी प्रथिनं खा, रोज चाला, ताकद हळूहळू येईल. तीन महिन्यांनी सायकलचीही परवानगी मिळाली. पोत्याचं डॉक्टरांना कोणी विचारलंच नव्हतं.

मी एकदा अडवलंच. "भाऊ, हे कावून करून राहिले तुम्ही?"

त्यांनी आधी स्वतःच्या दाराकडं पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाले, "सुमनले डबल सीट सिविक सेंटरच्या बाजारात न्यायचं आहे. क्रेन रिपेर झाली का आधी ट्रायल घ्या लागते. जेवढा लोड उचलायचा तेवढा आधी लोखंडाचा उचलून पाहा लागते. आमच्याकडे लोखंड नाही, म्हणून गहू."

यामागची गोष्ट मला माहीत होती. लग्नानंतर ते सुमनवहिनींना सायकलवर बसवून सगळं भिलाई फिरवायचे. मग शरीर सुटलं. एकदा सिविक सेंटरच्या चौकात मागचं टायर फुटलं आणि ऑटोतून कोणीतरी ओरडलं, "भैया, एक को उतार दो." वहिनी उतरल्या, हसल्या आणि चालत घरी आल्या. भाऊ मात्र हसले नाहीत. त्यानंतर त्यांनी वहिनींना कधीच मागं बसवलं नाही. पुढं पुढं तर एका ऑटोत ते एकटेच मावायचे, म्हणून कोणाच्याही लग्नाला नवराबायको दोन ऑटोंतून जायचे. वहिनी आधी पोचून मांडवाच्या दारात उभ्या राहायच्या.

तर ट्रायल पन्नास किलोची होती. वहिनी पन्नास किलोच्या आहेत असं भाऊंनी कधीतरी ठरवून टाकलं होतं. पाच-पाच किलोच्या पिशव्या, दर सोमवारी पोत्यात एक वाढवायची. वहिनींना कळू नये म्हणून पोतं माझ्या व्हरांड्यात ठेवलं होतं. आमच्या दोघांच्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावरून काय लपणार होतं.

सात पिशव्या झाल्या तेव्हा एका दुपारी वहिनी भिंतीपाशी आल्या. हातात तूरडाळीची दोन पाकिटं.

"भाऊजी, हे पोत्यात खाली टाका. त्यायले सांगू नका."

"कावून?"

"मी पन्नास नाही जी. चौसष्ट आहो."

 मी पाकिटं टाकली. पुढच्या तीन आठवड्यांत डाळ, साखर, पोहे असे चौदा किलो मी माझ्या हातानं त्या पोत्यात घातले. चोरी चोराला जड जाते तशी मलाही जात होती, कारण भाऊंचा चेहरा रोज पडत चालला होता. पिशव्या मोजून ते वजन धरायचे आणि दम लागायचा भलत्याच वजनाचा.

दहावी पिशवी पडली त्या सकाळी ते तासानं परत आले. पोतं न सोडता ओट्यावर बसले.

"पन्नासात दोनदा पुलियाच्या कठड्यावर बसलो. नाही होत आता. ताकद येत नाही, येणार बी नाही." मग म्हणाले, "सायकल तुझ्या पोरीले देऊन टाक."

दोन दिवस ते बाहेर आले नाहीत. वहिनी सांगायच्या, अंडंही अर्धं ठेवतात. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. मी भिंतीपाशी जाऊन म्हटलं, "वहिनी, सांगून टाका. नाही तर मी सांगतो."

तिसऱ्या सकाळी त्या भाऊंना हाताला धरून माझ्या व्हरांड्यात घेऊन आल्या. पोतं उघडलं. वरच्या दहा पिशव्या बाजूला ठेवल्या आणि खालून एकेक पाकीट काढून फरशीवर मांडायला लागल्या. तूरडाळ, साखर, पोहे. 

"हे मी टाकलं. भाऊजीले मीच लावलं. मी चौसष्ट किलोची आहो."

"कावून टाकलं?"

वहिनींनी शेवटचं पाकीट फरशीवर ठेवलं. "तुम्ही पन्नासावर मले बसवलं असतं आणि चौकात गाडी थांबली असती. मंग तुम्ही मले जन्मभर ऑटोतच बसवलं असतं. मले नाही बसायचं ऑटोत एकटीनं. लय वर्षं बसली मी."

 भाऊंनी वाकून पाकिटं मोजली. दोनदा मोजली.

"म्हणजे त्या दिवशी मी चौसष्ट उचललं?"

"हो ना."

"दोनदा बसून?"

"बसा ना दहादा. मी काय पळून जाऊन राहिली?"

भाऊंनी सायकल काढली. कॅरिअर हातानं पुसलं, मग शर्टाच्या बाहीनं पुन्हा पुसलं. वहिनी घरात जाऊन चप्पल बदलून, पिशवी घेऊन आल्या आणि पदर खोचून मागं बसल्या. सायकल जरा डगमगली. मी धरायला पुढं झालो, तर भाऊंनी मानेनंच नाही म्हटलं. मागं वळून म्हणाले, "घट्ट धरजो."

वहिनींनी दोन्ही हातांनी त्यांचा शर्ट धरला.

मी गेटात उभा राहून पाहत होतो. रस्त्याच्या टोकाला पुलियापाशी सायकल थांबली. दोघं उतरले, शेजारी शेजारी बसले. वहिनींनी पिशवीतून डबा काढला, त्यातलं उकडलेलं अंडं सोलून त्यांच्या हातात दिलं. आता अर्धा तास तरी ते उठणार नव्हते. मी घरात जाऊन चहा टाकला.