मधेच तोडणारा बसूअण्णा

आमच्या ऑफिसात एकही वाक्य शेवटपर्यंत पोचत नाही, कारण वाटेत बसूअण्णा बसलेला असतो. तुम्ही तोंड उघडलं की तो तुमचं वाक्य काढून घेतो आणि स्वतःच्या मर्जीनं पुरं करून परत देतो. रिसेप्शनवरची पूजा लाजत म्हणाली, "माझं लग्न ठर—" "पुण्याचा असंल. नको करू," अण्णानं निकाल दिला. मी एकदा "वडील गेले—" एवढंच म्हणालो, तर यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून डोळे पुसले. वडील होटगीला गेले होते, चुलत्याकडे. संध्याकाळी ते परत आल्याचं कळलं तेव्हा अण्णाचा जरा हिरमोडच झाला.

असा हा माणूस सोलापुरात बसून वेबसाइटचे फॉर्म बनवतो. नाव, फोन, पत्ता लिहायचे जे चौकोन असतात ना, ते आम्ही एकदाच तयार करतो आणि प्रत्येक फॉर्ममध्ये तेच वापरतो. अण्णा त्यांना डबे म्हणतो. या डब्यांबाबत त्याचं मत ऐकून तुम्ही हसाल. डबा मुका पाहिजे. माणूस काय लिहितोय त्यावर डब्यानं बोलायचं नाही. चूक की बरोबर ते फॉर्मनं ठरवायचं, आणि तेही लिहिणाऱ्याचं लिहून झाल्यावर. म्हणजे जो संयम स्वतःजवळ औषधालाही नाही, तो हा चौकोनांना शिकवत बसतो.

"एकच पातेलं चहाला चालतंय, आमटीला बी चालतंय," तो भेटेल त्याला सांगतो. "पातेल्यानं 'मीठ कमी पडलं' म्हणायचं न्हाय. ते बघायला सैपाक करणारा हाय की!"

गेल्या महिन्यात एका दवाखान्याचं काम आलं. पेशंटनं घरबसल्या नंबर लावायचा. साहेबांनी फर्मान काढलं की सगळी तपासणी डब्यातच घाला. पहिलं अक्षर पडताच 'चूक, अपुरं' म्हणून चौकोन लाल झाला पाहिजे, गिऱ्हाइकाला लाल रंग आवडतो. इतक्या थोर कारणापुढे कोण काय बोलणार? अण्णा बोलला. "न्हाय." साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत ऐकलं नाहीस तर दुसरी नोकरी बघ. अण्णानं बॅग उचलली आणि निघून गेला.

समजूत घालायला मला पाठवलं, कारण मी गोड बोलतो असा ऑफिसात एक गैरसमज आहे. रविवारी भवानी पेठेत त्याच्या घरी गेलो. वहिनींना मी पहिल्यांदाच भेटत होतो. पाणी देऊन त्या काही बोलायला लागल्या आणि 'च'वर अडकल्या. अक्षर ओठांवर येई आणि मागे फिरे. मला राहवेना.

"चहा ना? चालेल की, वहिनी!" मी लगेच पुण्य पदरात पाडून घेतलं.

अण्णानं माझा गुडघा असा दाबला की मी कळवळलो. "तिचं होऊ दे."

आम्ही थांबलो. पंखा फिरत होता. अण्णा वहिनींकडे बघत होता, अगदी निवांत, जणू त्याला जन्मात कुठं जायचंच नव्हतं.

"चटणी कुटलीय शेंगाची," वहिनी म्हणाल्या. "जाताना न्या, भाऊजी." आणि आत गेल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फोनवर लोक असंच करत्यात," अण्णा हळूच म्हणाला. "म्हणून ती फोनच करत न्हाय. दवाखाना, गॅस, समदं फॉर्म भरून. पहिल्या अक्षराला लाल झालं की उठती अन् म्हणती, तूच भर. मला काय, भरीन की. पण मग तिचं म्हणून काय ऱ्हातंय?"

"मग आम्हाला का तोडतोस मेल्या?"

"घरी लई थांबतो रे. घाई समदी हापिसात निघती."

पाठ करून आणलेलं माझं गोड बोलणं मी गिळून टाकलं. "उद्या मी साहेबांना—"

"सांगशील, तपासणी फॉर्मातच ऱ्हाणार, न्हायतर आमी दोगंबी जाणार."

त्याचं पहिल्यांदाच बरोबर आलं.

तेवढ्यात आतून वहिनींनी हाक मारायला घेतली. त्या त्याला नावानंच हाक मारतात. पेठेत यावर पुरेशी चर्चा झालेली आहे. 'ब' आला, अडकला, पुन्हा आला. घरात त्या अक्षराचा माणूस एकच होता आणि तो माझ्यासमोर बसला होता. तरी अण्णा हलला नाही.

"बसवराज," शेवटी आतून पुरं नाव आलं.

"ओ," अण्णा म्हणाला आणि उठला.