ॲल्युमिनियममुक्त हिरडा वसाहत

एका जंगलात, मुलांनो, प्राण्यांच्या घरी वीज आली होती. कशी आली ते विचारू नका. तुमच्याकडे येते तशीच आली. कधी असायची, कधी नसायची.

तिथे हिरड्याच्या जुन्या झाडांची एक वसाहत होती. प्रत्येक झाडाच्या ढोलीत एक बिऱ्हाड. ढोल्यांमधलं वायरिंग फार पूर्वीचं. त्या काळी तांबं महागलं होतं, म्हणून सगळ्या भिंतींतून ॲल्युमिनियमच्या तारा घातलेल्या. ॲल्युमिनियम तसं गरीब स्वभावाचं. फक्त तापलं की पसरतं आणि निवलं की आकसतं. वर्षानुवर्षं असं चाललं की बोर्डातले स्क्रू सैल पडतात. सैल सांध्यात ठिणगी उडते. पुढचं तुम्हाला कळतं. मोठ्यांना कळत नाही.

टोकाच्या झाडात वेणूबाई नावाची उदमांजर राहायची. तिची तीन पिल्लं ज्या कोपऱ्यात झोपायची, नेमका तिथेच त्यांच्या डोक्यावर बोर्ड होता. तो तापायचा. त्याला जळका वासही यायचा. वेणूबाई दुपारी पिल्लांना निजवायची आणि स्वतः बोर्डावर पंजा ठेवून जागी बसायची.

एकदा तिने शेजारच्या सशाला विचारलं, "ससोबा, तुमचा बोर्ड तापतो का हो?"

"तापतो की. आम्ही त्याच्यापाशी पापड वाळवतो."

"पण वास येतो ना."

"उदबत्ती लावायची, वहिनी."

मग ती वसाहतीच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष म्हणजे आबा रानडुक्कर. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वेणूबाई, दर दसऱ्याला आपण बोर्डाला हळदकुंकू वाहतो की नाही? झेंडूची माळ घालतो की नाही?"

"घालतो."

"मग इतकं केल्यावर तो आपल्याला जाळेल? एवढा कृतघ्न असेल?"

वेणूबाई घरी आली आणि पुन्हा बोर्डावर पंजा ठेवून बसली.

त्याच सुमाराला विमा कंपनीचे बगळेसाहेब जंगलात आले. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे, बोलणं अत्यंत मृदू. वसाहतीला वाटलं, विमा उतरवून टाकू, म्हणजे वेणूबाईची कटकट मिटेल.

"आमची कंपनी जळण्याजोग्या घरांचा विमा उतरवत नाही," बगळेसाहेब म्हणाले.

"मग कोणत्या घरांचा उतरवता?" आबांनी विचारलं.

"न जळणाऱ्या. अगदी आनंदाने."

"आमची घरं न जळणारी करायला काय करावं लागेल?"

"वसाहतीत ॲल्युमिनियम असता कामा नये," असं सांगून साहेबांनी पाय बदलला.

सर्वसाधारण सभा भरली. वेणूबाईने वायरमनला बोलावलं होतं. गंगाराम सुतारपक्षी त्याचं नाव. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सगळ्यात चांगलं म्हणजे सगळी तार काढून तांब्याची घालायची. ते झेपत नसेल तर प्रत्येक बोर्ड उघडायचा. ॲल्युमिनियमच्या टोकाला तांब्याचा तुकडा जोडायचा. नुसता पीळ घालून नाही, त्या दोघांचं पटत नाही. त्यासाठी खास जोड मिळतो, तोच वापरायचा आणि नीट आवळायचा."

"भिंतीला भोकं पडतील का?" आबांनी विचारलं.

"थोडी पडतील."

सभेत हलकल्लोळ झाला. नुकताच रंग दिला होता. पिस्ता रंग. तो निवडायला तीन सभा आणि दोन भांडणं लागली होती.

"भिंतीला हात लावायचा नाही," ससोबा म्हणाला. "साहेबांनी ॲल्युमिनियम काढा म्हटलंय, भिंती फोडा म्हटलेलं नाही."

मग काय, मुलांनो, वसाहतीने ॲल्युमिनियम काढलं. पातेली काढली. डबे काढले. कुकर, चहाची किटली, पोरांचे खाऊचे डबे, सगळं वाजतगाजत भंगारात गेलं. कुणी ताटली लपवली तर शेजारी चाडी करायचे. एका वटवाघळाची शिडी जप्त झाली. वटवाघळाला शिडी कशाला, असं कुणी विचारलं नाही. वेणूबाईचंही दुधाचं पातेलं गेलं.

बगळेसाहेब पाहणीला आले. त्यांनी प्रत्येक स्वयंपाकघरात चोच घालून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"साहेब, तार राहिली," वेणूबाई म्हणाली.

"कुठे आहे?"

"भिंतीत."

"बाई, भिंतीतलं बघायचं तर भिंत फोडावी लागेल. आणि फोडलेल्या भिंतीचा विमा आम्ही उतरवत नाही."

वसाहतीचा विमा उतरला. वेणूबाई मात्र दुसऱ्या दिवशी गंगारामला घेऊन आली. त्याने भिंत टोचली, प्रत्येक सांधा उघडला, तांब्याचे तुकडे जोडले, जुनी बटणं फेकून नवी बसवली. संध्याकाळी वेणूबाईने बोर्डावर पंजा ठेवला. बोर्ड गार होता. तिने पुन्हा ठेवून पाहिला. मग पिल्लांच्या शेजारी ती आडवी झाली आणि घोरू लागली.

तिच्या भिंतीवरचा पिस्ता रंग उडाल्याची बातमी सकाळी साहेबांपर्यंत पोचली. त्यांनी तिचा विमा तिथल्या तिथे रद्द केला. वसाहतीत जोखमीचं घर एकच उरलं. वेणूबाईचं. आबांनी तिला बजावलं, "येत्या पुनवेपर्यंत वायरिंग पूर्ववत करा, नाहीतर झाड सोडा."

"पूर्ववत म्हणजे सैल?"

"पूर्ववत म्हणजे सगळ्यांसारखं. पोरांना घेऊन कुठे जाल, विचार करा."

विमा उतरल्याच्या आनंदात वसाहतीने भर दुपारी मैदानात जेवणावळ घातली. वेणूबाईला बोलावणं नव्हतं. घरोघरी मिक्सर फिरत होते, गिझर तापत होते, पंखे उगीचच चालू होते. कुणी काही बंद करायला निघालं की बाकीचे म्हणत, "राहू दे की. विमा आहे."

जिलबी वाढली जात असताना आबांच्या ढोलीतून धूर निघाला. मग ससोबाच्या. मग पलीकडच्या. बोर्डामागून बोर्ड पेटत गेला. सगळे मैदानात होते म्हणून जीव वाचले. घर मात्र एकच वाचलं, टोकाचं.

बगळेसाहेब आले. राखेत चोच घालून त्यांनी वितळलेली तार उचलली.

"अरेरे. हे तर ॲल्युमिनियम. तुम्ही तर नाही म्हणाला होतात. आता भरपाई कशी देणार?"

तेवढ्यात ससोबाला एक शंका आली.

"सगळी घरं जळली. मग हिचंच का नाही जळलं?"

सगळ्या माना वेणूबाईकडे वळल्या. या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर तिने द्यावं, असं ठरलं. चौकशी समिती नेमली गेली. बसायला दुसरी जागा नसल्याने ती वेणूबाईच्याच घरी, तिच्याच पंख्याखाली बसली.

"मी सांधे बदलले," वेणूबाई म्हणाली.

"म्हणजे आग लागणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं," आबा म्हणाले.

"माहीत होतं. तुम्हाला सांगितलंही होतं."

"कबुली दिली," असं म्हणून आबांनी निकाल दिला. वेणूबाईने पिल्लांसह झाड सोडावं.

वेणूबाईने तिन्ही पिल्लं उठवली, एकाला तोंडात धरलं, दोघांना पुढे घातलं आणि ती निघाली. पलीकडच्या टेकडीवर गंगारामने तिला एक ढोली पाहून ठेवली होती. तिथे वायरिंग नव्हतंच, नव्याने करायचं होतं.

समिती तिच्या घरात राहायला गेली. त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत ठराव झाला, की भिंतीवरची ती भोकं फार वाईट दिसतात. खास जोड उपटून काढले, सांधे पूर्ववत केले, आणि वर पिस्ता रंग मारला.

तात्पर्य: आपलं घर वाचवायचं असेल, तर मुलांनो, आधी शेजाऱ्यांची परवानगी घ्यावी. ती मिळाली नाही, तर चारचौघांसारखं जळावं. माणसं नावं ठेवत नाहीत.