चाळीस किलोमीटर, फोन न करता

पहिल्यांदा खटकला तो आकडा. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधल्या घराच्या ड्राइव्हवेतून अबोलीची सायकल बाहेर पडली, हँडलवरच्या काड्यापेटीएवढ्या, वाट दाखवणाऱ्या यंत्राने 'टुंग' केलं (ती दचकली) आणि उरलेलं अंतर दाखवलं : ६४१२ किलोमीटर. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ६४१२. मग तिच्या लक्षात आलं की एवढ्याशा पडद्यावर दशांशचिन्ह दिसत नसणार. म्हणजे चौसष्ट पूर्णांक बारा.

पण ठरले होते चाळीस.

"नकुलने गुपचूप वाढवलं," ती पुटपुटली आणि बाण ईशान्येकडे होता म्हणून निमूटपणे ईशान्येला वळली. यंत्र चुकलं असेल हे तिच्या मनातही आलं नाही. त्या घरात चुकण्याचा मान तिचाच होता.

अबोली विद्यापीठात स्टॅटिस्टिशियन होती. कुठल्या औषधाने किती जणांना काय काय होऊ शकतं, याची शक्यता काढायची हे तिचं काम, आणि हे काम ती घरीही घेऊन यायची. टोस्टरमधून ब्रेड वर आला तरी ती दचकायची. (ब्रेड तिनेच ठेवलेला असायचा.) अशा बाईच्या नवऱ्याने, नकुलने, ठरवलं, की येत्या मे महिन्यात मित्रमंडळींबरोबर फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलवर हिंडायचं, आणि तेही डांबरी सडक सोडून, खडीच्या नि मातीच्या रस्त्यांनी. त्यासाठी जाड टायरच्या दोन ग्रॅव्हल बाइक गराजमध्ये येऊन उभ्या राहिल्या. गाडी बाहेर बर्फात जायची तयारी करू लागली.

नकुल रोज जेवताना ताटाशेजारी नकाशा पसरायचा. "हे बघ, पांढऱ्या मातीचा रस्ता. दोन्हीकडे पांढऱ्या गाई. दुपारी एखाद्या गावात चर्चच्या सावलीत बसून चीज खायचं."

"आणि चढ?"

"हलके गं. लाटांसारखे."

"लाटांत माणसं बुडतात, नकुल."

यावर तोडगा काढला सुमेधाताईंनी. सुमेधाताई मराठी मंडळातल्या ज्येष्ठ. गुडघ्यांमुळे त्या सायकल चालवणार नव्हत्या, सगळ्यांच्या सामानाची व्हॅन ड्राइव्ह करणार होत्या. "तू माझ्याबरोबर व्हॅनमध्ये ये," त्या मायेने म्हणाल्या, "एसी आहे, मी चकल्या घेते, मस्त गप्पा मारू."

इथे अबोलीला लागलं. शाळेची सहल असो की कॉलेजचा ट्रेक, ती कायम गडाच्या पायथ्याशी सगळ्यांच्या सॅक सांभाळत बसलेली. वरून आलेल्यांनी धापा टाकत 'काय मिस केलंस यार' म्हणायचं आणि हिने त्यांना पाणी द्यायचं. आता एकतिसाव्या वर्षी, विमानाने फ्रान्सला जाऊन, पुन्हा सॅकच सांभाळायच्या?

"मी सायकलवर येणार," ती म्हणाली. एवढ्या मोठ्याने की स्वतःच दचकली.

मग अट ठरली. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी चाळीस किलोमीटर खडीचा रस्ता, एकटीने. लोकेशन शेअर करायचं, पण फोन करायचा नाही. फोन केला की व्हॅन.

"आणि पडले तर?"

"९११ ला कर. मला नाही."

सुमेधाताई पंच म्हणून सकाळीच येऊन बसल्या. नकुलने मार्गाच्या फाइलींचा फोल्डर आदल्या दिवशीच पाठवला होता. पण नकुल सॉफ्टवेअरमधला माणूस. त्याच्या फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल फायनल' आणि 'फायनल खरंच फायनल' अशा चार फाइली सुखाने नांदत होत्या. अबोली काळजीपूर्वक वागणारी. जिच्यावर सर्वांत जास्त वेळा फायनल लिहिलेलं, ती तिने यंत्रावर चढवली.

तर अशी ती जेवून दुपारी निघाली. शहर संपलं, डांबर संपलं, टायरखाली खडी करकरायला लागली. प्रत्येक करकरीगणिक अबोलीला सायकलचा एकेक भाग सुटून पडल्याचा भास होत होता. एका शेतावरचा कुत्रा भुंकला तेव्हा तिने त्याला मराठीत 'सॉरी' म्हटलं. (म्हणजे इंग्रजीतच म्हटलं, पण सूर मराठी होता.) दर वळणावर ती बाणाकडे बघायची, आणि बाण काही बदलायचा नाही. ईशान्य म्हणजे ईशान्य.

दीड तासाने ती एका मेपलखाली थांबली आणि तिने आकडा पाहिला. ६३९२.

चौसष्ट पूर्णांक बारातून त्रेसष्ट पूर्णांक ब्याण्णव गेले, उरले दोनशे मीटर. दीड तासात दोनशे मीटर. पाठ घामाने चिंब होती, आणि एकूण प्रगती माहेरच्या बिल्डिंगच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. तिच्यातली स्टॅटिस्टिशियन गप्प बसेना. या वेगाने उरलेलं अंतर कापायला, न झोपता, वीस दिवस लागले असते. सोमवारी मीटिंग होती.

खिशातल्या फोनवर हात गेला. तिने तो मागे घेतला.

पुढे रस्त्याकडेला एका ट्रकच्या मागच्या फळीवर साठीची एक बाई भोपळे मांडून बसली होती. अबोली तिच्यापाशी उतरली. उतरली म्हणजे जवळजवळ पडली.

"कुठे निघालीस?" बाईने विचारलं.

"ते मलाही नीट माहीत नाही. हा बाण दाखवतो तिकडे."

बाईने चष्मा लावला, यंत्र डोळ्यांजवळ नेलं, दोन-तीन बटणं दाबली. मग चष्म्यावरून अबोलीकडे पाहिलं.

"हनी, हा मार्ग जिथे सुरू होतो ते गाव फ्रान्समध्ये आहे."

"किती लांब?"

"मध्ये समुद्र आहे."

अबोली भोपळ्यावरच बसली. ६४१२. दशांशचिन्ह नव्हतंच, आणि 'खरंच फायनल' होता तो मे महिन्यातल्या सहलीचा मार्ग. ती दीड तास प्रामाणिकपणे, पायडल मारत, फ्रान्सला निघाली होती.

"दिशा मात्र अगदी बरोबर धरलीस," बाई दिलाशाने म्हणाली आणि तिला पाण्याची बाटली दिली. कुणीतरी तिला पाणी द्यायची ही पहिलीच वेळ.

इथे फोन करता आला असता. कुणी नावं ठेवली नसती. पण अबोलीने हिशेब केला : चोवीस किलोमीटर झाले होते, आल्या वाटेने परत गेलं की अठ्ठेचाळीस. चाळीसच्या वर. फाइल कुठलीही असो, अट पूर्ण होत होती. तिने यंत्र बंद करून खिशात टाकलं आणि सायकल वळवली.

यंत्र नसल्यामुळे बघायला काहीच उरलं नाही, म्हणून ती रस्त्याकडे बघू लागली. येताना हाच रस्ता होता यावर तिचा विश्वास बसेना. उतरत्या उन्हात धूळ सोनेरी झाली होती. मक्याची कापून झालेली शेतं, लाल कोठारं, दोन्ही बाजूंनी पेटल्यासारखी झाडं, आणि मध्ये ती एकटी. चढ खरोखर लाटांसारखे होते. बुडायला होत नव्हतं.

तेवढ्यात गंजलेलं शटर ओढावं तसा भयंकर आवाज झाला. अबोली सायकलवरून उतरून सायकलच्याच मागे लपली. (ग्रॅव्हल बाइकमागे माणूस लपत नाही.) आवाज पुन्हा आला. आभाळातून.

करकोचे होते. माणसाच्या छातीएवढे उंच, राखी, डोक्यावर लाल टिळा. आधी दोन, मग बारा, मग तिने मोजणं सोडून दिलं, आणि हे तिच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. रांगांमागून रांगा झाडांवरून येत होत्या, लांब पाय खाली सोडून, छत्रीसारखे तरंगत रस्त्यालगतच्या दलदलीत उतरत होत्या. शेकडो. सगळं आभाळ खडखडत होतं. त्यातला एक तिच्यापासून दहा पावलांवर टेकला, मान वळवून त्याने तिला पाहिलं आणि बिनमहत्त्वाचं समजून चरायला लागला.

अबोली दचकली नाही. आपण दचकलो नाही हेही तिच्या ध्यानात आलं नाही. उघड्या तोंडाने ती नुसती उभी होती, आणि तिला एवढंच वाटत होतं की हे नकुलने ऐकलं पाहिजे. आत्ता.

तिने फोन लावला. रिंग वाजून बंद झाली. तिने पुन्हा लावला. नाही उचलला. तिसऱ्यांदाही नाही. करकोचे उतरतच होते. चौथ्यांदा लावून तिने फोन आभाळाकडे धरला, आणि पलीकडून खट्ट आवाज आला.

"हॅलो, अबोली? सुमेधाताई बोलतेय गं. तू सुखरूप आहेस ना? ठिपका हलत होता म्हणून आम्ही गप्प बसलो. तू उलट्या दिशेला गेलीस तेव्हापासून नकुलने तीनदा बूट घातले नि काढले. आता फोन मांडीवर घेऊन बसलाय आणि उचलत नाही. म्हणतो, उचललाच नाही तर केला असं धरता येत नाही, ती बिचारी हरेल. पण मी पंच पडले, आणि व्हॅनमध्ये दहा दिवस एकटी मी काय करणार होते? म्हणून मीच उचलला. चकल्या तिखट करू की साध्या?"