बनुबाईच्या मनगटावरचा पट्टा

सांगायला हरकत नाही, आजार या विषयात आमच्या गावात माझा हात धरणारा कुणी नाही! बीपी आहे, साखर आहे, डावा गुडघा फौजेत असताना गेला आणि कंबर पेन्शनीत निघाल्यावर. कोरेगावचा औषधवाला मला लांबून बघूनच गोळ्या काढायला लागतो. त्यामुळं, वय वाढलं की माणसाची तब्येत आणि काम करायची ताकद कशी बदलते याच्या अभ्यासासाठी आमचं घर निवडलंय, असं साताऱ्याहून जीपनं आलेल्या दीक्षा नावाच्या मुलीनं सांगितलं, तेव्हा मी शांतपणे खुर्ची पुढं ओढली आणि औषधांची पिशवी मांडीवर घेतली.

"एका घरातून एकच माणूस घेतो, आजोबा. कॉम्प्युटर चिठ्ठी टाकतो," ती म्हणाली. "तुमच्या घरातून आजींची निवड झालीय!"

आजी! म्हणजे आमची कारभारीण, बनुबाई! जिला साधं पडसं होत नाही!

"कायतरी चूक हाय पोरी," मी म्हणालो. "हिला काय बी न्हाई. मला बघ, बीपी हाय, साखर हाय..."

"म्हणून तर चिठ्ठी टाकतो, आजोबा. नाहीतर सगळे आजारीच पुढं येतील. आता जरा बाहेर बसता का? प्रश्न एकट्यालाच विचारायचे असतात."

मला, सुभेदार लालासाहेबाला, माझ्याच घरातून बाहेर काढलं! ओट्यावर बसून मी खिडकीला कान लावला. आत ती पोरगी मायेनं विचारत होती, "आजी, झोप लागते का? सांधे धरतात का? मनाला कसली खंत वाटते का?" आणि बनुबाई खळखळून हसत उत्तरं देत होती! अख्ख्या संसारात मला कुणी खंतीचं विचारलं नाही हो! माझ्या छातीत जळजळ झाली. ॲसिडिटीची नव्हे, ती वेगळी, ती पण मला आहे. ही सरळ हेव्याची होती.

जाताना दीक्षानं बनुच्या मनगटाला एक काळा पट्टा बांधला. तो पंधरा दिवस ठेवायचा, आणि ती किती हलते, किती झोपते ते सगळं साताऱ्याच्या ऑफिसात दिसणार. झालं! आळीतल्या बाया पट्टा बघायला यायला लागल्या. शेजारचा भाऊसो, ज्यानं माझ्या गुडघ्याची कधी चौकशी केली नाही, तोसुद्धा "वैनी, बघू की जरा!" म्हणत दारात उभा!

आठवडाभर मी कळ काढली. मग राहवेना.

"बनू, पीठ मळताना पट्टा खराब हुईल बघ."

"व्हय, टोचतोय बी मेला."

"मग दे माझ्याकडं. मी सांभाळतो."

"घ्या की!"

एवढी मानाची वस्तू, आणि हिनं कोथिंबिरीची काडी दिल्यासारखी काढून दिली! त्याचाच मला जास्त राग आला. मी पट्टा बांधला आणि वर स्वेटरची बाही ओढली. म्हटलं, आता कळू दे साताऱ्याला, फौजी गडी काय चीज असतो ते!

माझा दिवस तसा धावपळीचा. उठलो की चहा. मग स्कूटीवरून पारावर. तिथं आम्हा माजी सैनिकांची बैठक बसते, ती जेवणापर्यंत. जेवण, वामकुक्षी, पुन्हा स्कूटी, पुन्हा पार. सीमेवरचे प्रसंग सांगताना माझे हातवारेही जोरदार असतात.

आठवडा संपत आला आणि दीक्षाचा फोन आला.

"आजोबा, पट्ट्यात फारच फरक दिसतोय! आमचे डॉक्टर तर बघून उडालेच! एवढा फरक आजवर कुणातच दिसला नव्हता. आजी कशा आहेत?"

मला गगन ठेंगणं झालं. "तिचं काय आता बोलायचं, पोरी! तुमी या बिगीबिगी!"

"अरे बापरे!" ती म्हणाली. "उद्या सकाळीच येतो."

मी पारावर जाहीर करून टाकलं, उद्या आमच्या दारात या, साताऱ्याचे डॉक्टर येतायत! सकाळी कोट चढवला, त्यावर पदकं लावली. भाऊसोला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. तेवढ्यात सांगलीहून आमची लेक रेश्मा रडतच आली. "आबा, मला साताऱ्यास्नं फोन आला! आई कुठं हाय?" मला वाटलं, बापाच्या कौतुकानं पोरीला भरून आलंय.

जीप आली. डॉक्टर उतरले, मागून दीक्षा, आणि दोघांनी मिळून एक चाकांची खुर्ची उतरवली. सत्काराची पद्धत बदलली असेल, असं मी मनाशी म्हटलं. डॉक्टर तोंड उघडणार तोच मी बाही वर सारली.

"डॉक्टरसाहेब, समद्यांच्या म्होरं सांगतो! आठवडाभर पट्टा या मनगटाला हुता! ह्यो पराक्रम बनुचा न्हाई, माजा हाय!"

डॉक्टरांनी मनगटाकडं बघितलं, मग पदकांकडं. "म्हणजे आजी अंथरुणाला खिळलेल्या नाहीत?"

"खिळतीय कशाला? वैरणीला गेलीय ती!"

तोवर बनुबाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन दारात हजर! रेश्मानं पळत जाऊन तिला मिठी मारली आणि भारा भाऊसोच्या अंगावर पडला.

"अहो, पहिल्या आठवड्यात दिवसभर राबणारी बाई दिसत होती," डॉक्टर कपाळ पुसत म्हणाले. "मग एकदम सगळं थंड! आम्हाला वाटलं, आजींना झटका आला आणि अंग लुळं पडलं!"

"आवं, पर मी रोज पारावर जात हुतो की!"

"गाडीवरनं!" वैरणीतून भाऊसोचा आवाज आला. सगळी आळी हसली. मी चाकांची खुर्ची ओढून तिच्यात बसलो.

"मग आता मलाच घ्या की अभ्यासात," मी हळूच म्हणालो. "असा माणूस कुठं गावणार तुमास्नी?"

"एका घरातून एकच, आजोबा," दीक्षा म्हणाली. तिनं पट्टा पुन्हा बनुच्या हाताला बांधला आणि कागद काढला. "आजी, आलोच आहोत तर एक प्रश्न नव्यानं विचारते. घरात रोजच्या कामाला दुसऱ्यावर अवलंबून असलेलं कुणी आहे का?"

बनुनं माझ्याकडं बघितलं. मग चाकांच्या खुर्चीकडं बघितलं. मी हळूच खुर्चीतून उठलो.

"लिवा, न्हाई," ती म्हणाली. मी पदकं सरळ केली. "पर पेन्सिलीनं लिवा!"

नशीब माझं, त्या पोरीकडं पेनच होतं!