एम्बिरावाला टेंडाई

लोकांच्या घरी गेल्यावर माणसं पाणी मागतात, फार तर चहा. टेंडाई झाकणं मागायचा. काचेच्या बाटलीची, पत्र्याची, कडेला दाते असलेली झाकणं. दुबईत आता सगळं कॅनमध्ये नाहीतर प्लॅस्टिकच्या बाटलीत मिळतं, त्यामुळे असलं झाकण दिसलं की तो हिरा सापडल्यासारखा खूश व्हायचा. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या बिल्डिंगखालच्या कॅफेटेरियात काउंटरखाली डोकं घालून बसला होता. मल्याळी मालक ओरडत होता, "अरे भाई, बाहर निकलो!" आणि हा सहा फुटांचा माणूस आतूनच म्हणत होता, "एक और है, एक और है!"

दुसऱ्यांदा भेटला तो लिफ्टमध्ये. काखेत अर्धा कापलेला प्रचंड मोठा सुका भोपळा, तंबोऱ्याला असतो तसला. त्याच्या कडेला ती सगळी झाकणं ओवलेली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"माझं ऑफिस," तो म्हणाला.

तो आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आणखी तिघांबरोबर राहायचा. मूळचा झिंबाब्वेचा. त्याचं वाद्य म्हणजे एम्बिरा. वीतभर लाकडी फळी, तिच्यावर लोखंडी पट्ट्या, त्या अंगठ्यांनी छेडायच्या. फळी भोपळ्यात बसवली की आवाज घुमतो आणि झाकणं थरथरून मागे खर्रर्र करत राहतात. ही खरखर नसेल तर त्याच्या मते सूर मेलेला.

"टू क्लीन!" तो नाक मुरडून म्हणायचा. हा त्याचा आवडता शेरा. मेट्रो टू क्लीन, मॉलमधलं संगीत टू क्लीन, माझा ऑफिसचा शर्ट टू क्लीन. एकदा जेवायला बोलावलं तर वैशालीचं साधं वरणही त्याला टू क्लीन वाटलं. माझी बायको हे ऐकून घेणाऱ्यातली नाही. तिने तिथल्या तिथे लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी ओतली. त्याने घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आता वाजलं, माई!"

या 'माई'वरून आधी बराच गोंधळ झाला होता. त्याच्या भाषेत लेकराच्या नावाने आईबापांना हाक मारतात. आमची मुलगी ईशा, म्हणून वैशाली 'माई ईशा' आणि मी 'बाबा ईशा'. चाळिशीत कुणी माई म्हटलेलं वैशालीला मुळीच आवडलं नव्हतं. "मी काय म्हातारी दिसते का?" असं मला दोनतीन दिवस ऐकावं लागलं. ईशाने मात्र निकाल दिला, "आई, ही इज सो कूल," आणि विषय मिटला. पुढे तो गावाला गेला की वैशालीच विचारायची, आठवडा झाला, कुणी माई म्हटलं नाही, कधी येतोय हो तो?

टेंडाई आला होता हॉटेलच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायला. लोक जेवत असताना कुणाच्या लक्षात येणार नाहीत अशी गाणी वाजवायचं काम. एका शुक्रवारी त्याने मध्येच एम्बिरा काढला. लोकांनी जेवणं थांबवून टाळ्या वाजवल्या. मॅनेजरने ती झाकणं काढायला सांगितली, यानं नोकरीच सोडली. मग लॅपटॉप घेऊन एकट्याने कार्यक्रम सुरू केले. लॅपटॉपवर ढोल, बेस आणि आणखी एक एम्बिरा. त्यावर हा स्वतः वाजवायचा. सिलिकॉन ओएसिसमध्ये आमच्या ऑफिसजवळच्या कॅफेत तो बसला की पोरं उठून नाचायची. त्याच्या गाण्यात मधूनच कोंबडी ओरडायची. लोकांना तो इफेक्ट फार आवडायचा. जुन्याचा आणि नव्याचा काय सुंदर संगम, असं कुणीतरी त्याच्याबद्दल इंटरनेटवर लिहिलं. ते वाचून तो म्हणाला, "इन्शाल्ला," आणि बटाट्याची भाजी वाढून घेतली.

मग एका स्टुडिओने त्याला रेकॉर्डिंगसाठी बोलावलं. पहिलाच खरा अल्बम. स्टुडिओ दूर, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, गोडाऊनच्या रांगेत. बस बदलत भोपळा नेणं कठीण, म्हणून शनिवारी सकाळी मी त्याला गाडीने घेऊन गेलो आणि करक चहा घेऊन मागच्या सोफ्यावर बसलो.

इंजिनीअर लेबनॉनचा होता. झाकणं त्याने ठेवू दिली. थोड्या वेळाने म्हणाला, "हबीबी, या दुसऱ्या एम्बिराच्या ट्रॅकमध्ये कोंबडी आहे."

"आहे."

"बाहेर काढता येत नाही. हे परत वाजवून घेऊ. कोण वाजवतंय?"

"माझा मोठा भाऊ. त्याच्या स्वयंपाकघरात."

"मग त्याला बोलाव ना."

"तो गेला," टेंडाई म्हणाला.

इंजिनीअरने ट्रॅक बंद केला. टेंडाई उठून बाहेर गेला, मीही मागोमाग गेलो. बाहेर ऊन रणरणत होतं, ट्रक उभे होते. एम्बिरा दोघांनी वाजवायचा असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. भाऊ विचारायचा, हा उत्तर द्यायचा.

"लोक म्हणतात मी जुनं-नवं मिसळलं," तो म्हणाला. "मी काही मिसळलं नाही, बाबा ईशा. इथे मला विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून लॅपटॉप घेतला."

"मग भावाची बाजू तू वाजव. तुला येत असेल ना?"

"येत असेल. कधी वाजवली नाही. तो होता ना."

 मग "यल्ला, चल" म्हणून तो आत गेला.

कानाला हेडफोन लावून त्याने भावाची बाजू वाजवायला घेतली. एका जागी थांबला. परत सुरुवात केली, परत तिथेच थांबला. लॅपटॉपवरचा भाऊ पुन्हा नीट ऐकला. आणि एकदम हसायला लागला. खो खो, पोट धरून.

"तो चुकायचा!" तो मला काचेपलीकडून सांगत होता. "या जागी दर फेरीला एक पट्टी उशिरा! लहानपणी मी इथे अडखळलो की तो माझ्या डोक्यात टपली मारायचा, म्हणायचा, तुझं लक्ष नाही. मी इतकी वर्षं ती जागा सांभाळून घेतोय. आणि चूक त्याची!"

हसता हसता त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. पुसले तरी पाणी थांबेना. इंजिनीअरने आत जाऊन टिश्यूचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"चांगलं झालं, सापडलं ते," तो हळूच म्हणाला. "आता वेळेवर वाजव. मी घेतो."

"नाही, हबीबी. ते असंच आहे."

"पण चूक आहे म्हणालास."

"चूक आहे. तू रेकॉर्ड कर."

लाल दिवा लागला. टेंडाई मान खाली घालून भावाची बाजू वाजवत राहिला. प्रत्येक फेरीत ती जागा आली की गालातल्या गालात हसायचा, क्षणभर थांबायचा आणि मग ती पट्टी छेडायचा, उशिराच.